तुमच्या गटाची जपानी ओळ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

अनुवादगटासाठी तुम्ही केलेली ब्रीदाची ओळ वाचली. ‘प्रामाणिकपणा, गुणवत्ता, संघभावना’ हे तिन्ही शब्द कोशातून काढून जपानीत बसवलेत आणि शेवटी ‘सेइशिन’, म्हणजे वृत्ती, मनोबल, जोडलंय. व्याकरण बरोबर आहे. पण या ओळीत तुम्ही पाच जणी मला कुठे दिसल्या नाहीत.

कंपनीचं ब्रीद ‘शाझे’, शाळेचं ‘कोकुन’, घराण्याची शिकवण ‘काकुन’. तुमचा गट अजून लहान आहे. मला तुमच्यासाठी ‘आइकोतोबा’ हा शब्द आवडतो. आइकोतोबा म्हणजे आपला परवलीचा शब्द. ‘सेइशिन’ वाईट नाही, पण साधनं न देता नुसत्या जिद्दीवर काम रेटायला लावणं, याला जपानी माणूस वैतागून ‘सेइशिनरोन’ म्हणतो, हे लक्षात ठेव.

आता ताकाराझुका नाट्यसंस्थेचं ब्रीद मोठ्याने म्हण : ‘कियोकु, तादाशिकु, उत्सुकुशिकु’. निर्मळपणे, नेकीने, सुंदरपणे. काय करायचं, ते क्रियापद यात नाहीच! ते म्हणणारीने आपल्या मनाशी भरायचं. आणि बोटांवर मोज : कि-यो-कु तीन, ता-दा-शि-कु चार, उ-त्सु-कु-शि-कु पाच. दरवेळी एक मात्रा वाढते, तसा आवाजही चढत जातो. तीन नामं ओळीने मांडून हे साधत नाही गं.

दुसरी वाट कांजींची, म्हणजे जपानीतल्या चिनी अर्थाक्षरांची. 1882 साली तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू करणाऱ्या जिगोरो कानो यांनी ज्युदोचा एक गाभा चार अक्षरांत सांगितला : ‘जिता क्योएइ’. स्वतः, दुसरा, एकत्र, भरभराट. कोबेच्या नादा शाळेच्या ब्रीदातही हीच अक्षरं आहेत. पण असे चार-अक्षरी शब्द कोशातून उचलताना फार जप. उमेदवारीच्या काळात ‘झोकून देणं’ यासाठी मी एका फलकावर ‘मेश्शी होको’ लिहिलं होतं. स्वतःला पुसून सेवा करणं, अर्थ मला उदात्त वाटला. एक वयस्क जपानी पाहुणे फलकासमोर बराच वेळ गप्प उभे राहिले. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की ही युद्धकाळातली घोषणा आहे. तो फलक मी त्याच संध्याकाळी उतरवला. तेव्हापासून कुठलाही भारदस्त शब्द घेण्याआधी तो कुणाकुणाच्या तोंडी होता, हे मी शोधते.

साधे शब्दही पुरतात. ओमी भागातल्या, म्हणजे आजच्या शिगा प्रांतातल्या, व्यापाऱ्यांची रीत ‘सानपो योशी’ या नावाने ओळखली जाते : विकणाऱ्याचं भलं, घेणाऱ्याचं भलं, समाजाचं भलं. यातला ‘योशी’, म्हणजे ‘चांगलं’, लहान मुलालाही कळतो.

तेव्हा कोश बाजूला ठेवा. एखादा मजकूर परत पाठवण्याआधी तुम्ही पाच जणी न चुकता काय करता, ते आधी मराठीत एका वाक्यात लिहून काढा. त्यातून जपानी ओळ करा, पाचही जणींनी ती मोठ्याने म्हणून बघा आणि कोण कुठे अडखळलं, ते मला कळव.

तुझी,
बाई