सुरुवातीच्याच तलवारीवर स्मिदिंग स्टोन (एल्डन रिंग गेममधले शस्त्र वाढवायचे दगड) खर्च करावेत की पुढच्या चांगल्या शस्त्रासाठी राखून ठेवावेत?

खर्च करा. आजच करा.

तुम्ही लिहिलंय की एल्डन रिंग नुकताच सुरू केलाय, पात्र म्हणून समुराई घेतलाय, १४ स्मिदिंग स्टोन साठलेत, त्याची सुरुवातीची उचिगाताना तलवार अजून कोरी (प्लस शून्य) आहे, मार्गिट हा पहिला मोठा बॉस काही मरत नाही, आणि 'साध्या उचिगातानावर दगड घालवून पुढे पस्तावायला नको'. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. अगदी ह्याच शब्दांत ते मी माझ्या घरात, माझ्याच कॉम्प्युटरसमोर ऐकून घेतलंय. तेव्हा जरा लांबण लागणार, सांभाळून घ्या.

माझा आतेभाऊ निपाणीचा. इंजिनिअरिंगला बेळगावात आला तो आमच्याकडेच राहिला. माझ्यापेक्षा थोडा मोठा, म्हणून दादा. मी उद्यमबागेत एका वर्कशॉपात, बहुतेक सेकंड शिफ्ट. कॉम्प्युटर माझ्या पगारातून हप्त्यावर घेतलेला, गेमही मीच सेलमध्ये घेतला. दोघांनी मिळून एकच समुराई काढला. वेगवेगळे काढता येतात हे मला माहीत होतं हो, पण 'एकच नीट वाढवूया की' हा दादाचा आग्रह. दिवसा तो खेळणार, रात्री शिफ्ट सुटली की मी.

आता दादाचा स्वभाव राखून ठेवायचा. हे आत्याकडून आलंय. निपाणीच्या घरात शोकेसमध्ये तिच्या लग्नातला काचेचा डिनर सेट आहे, त्याचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. घरात कुणाचं बारसं असो की वास्तुशांत, जेवायला आपली स्टीलचीच ताटं. दादाचे स्मिदिंग स्टोन म्हणजे तो डिनर सेट. बरं, नुसते दगडच नाहीत. रून आर्क तसेच पडून, ठिकठिकाणी उचललेले गोल्डन रून तसेच पडून. मार्गिटच्या दंडुक्याखाली मरतानासुद्धा ह्याच्या फ्लास्कमध्ये (जीव भरून आणायची कुपी) दोन घोट शिल्लक असायचे. कुणासाठी ठेवलेत विचारलं तर म्हणायचा, 'पुढं लागतात.'

अरे, पुढं जाशील तेव्हा ना!

मार्गिटपाशी तो असा अडकला की रोज रात्री मी येईपर्यंत गाडी त्याच पुलावर उभी. तलवार प्लस शून्य. विचारलं की उत्तर ठरलेलं, 'हात बसायला पाहिजे, शस्त्रानं काय होतंय.' एका रात्री मी शिफ्टवरून आलो, बाहेर आमचा बेळगावचा पाऊस, करंट येऊन जाऊन होता. दादा घोरायलेला. मी समुराईला घेऊन चर्च ऑफ एलेला गेलो. तुम्हाला ते माहीत असणारच, सुरुवातीचंच पडकं चर्च, तिथे तो लाल टोपीवाला व्यापारी बसलेला असतो, आणि ऐरणही आहे. त्या ऐरणीवर प्लस तीनपर्यंत शस्त्र नेता येतं. पहिल्या पायरीला २ दगड, दुसरीला ४, तिसरीला ६. एकूण १२. ऐरणीचा मेन्यू उघडला की डावीकडे आत्ताचा आकडा, उजवीकडे वाढलेला निळ्या रंगात. मी तो निळा आकडा बघितला, बटण दाबलं, हातोड्याचा आवाज आला. तीनदा केलं. करंट जायच्या आत कॉम्प्युटर बंद करून झोपलो.

सकाळी मला उठवलं ते ओरडून. 'अय्यो, काय केलास हे! बारा दगड? मूनव्हेल आल्यावर त्याला काय माती लावतोस?' आई चहा घेऊन आली, तिला वाटलं ह्यांनी पैसेच उधळले कुठेतरी. तेवढ्यावर थांबला असता तर ठीक. गणपतीला सगळे जमले तेव्हा हा किस्सा सगळ्यांपुढे सांगितला, आणि वर शेरा, 'ह्याच्या हातात काय टिकत नाही.' आत्याला स्मिदिंग स्टोन म्हणजे काय हे कळायचं कारणच नाही, पण शेरा तिनं पक्का लक्षात ठेवला. मी सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा तो निघाला. वर्कशॉप बदललं तेव्हा मामांनी, म्हणजे आत्याच्या मिस्टरांनी, तोच पुन्हा काढला. एका दगडधोंड्यांच्या हिशोबावरून मी घराण्यात उधळ्या ठरलो.

आणि ज्या सकाळी एवढा तमाशा केला त्याच दुपारी त्याच प्लस तीन तलवारीनं दादानं मार्गिटला लोळवला. रात्री मी आलो तर काय म्हणतो? 'बघ, हात बसला.'

आता तुमच्यासाठी हिशोब मांडतो. उचिगातानाचा मूळ मारा ११५. प्लस तीनला तो १३५ च्या आसपास जातो, प्लस पंचवीसला २८१. म्हणजे तलवार तीच, हात तोच, आणि मूळ आकडाच अडीचपटीच्या जवळ जातो. त्यावर तुमच्या डेक्स्टेरिटीतून (चपळाईच्या आकड्यातून) मिळणारा वाढावाही अपग्रेडसोबत वाढत जातो, तो वेगळाच. उलट ह्या टप्प्यावर रून (शत्रू मारून मिळणारे, गेममधले पैसेच म्हणा) घालून एक लेव्हल डेक्स्टेरिटी वाढवली तर माऱ्यात एक-दोन पॉइंटची भर. लोक लेव्हलमागे धावतात आणि ऐरणीकडे फिरकत नाहीत, मग म्हणतात गेम अवघड आहे. रून आले की आधी व्हिगर (जीव वाढवणारा आकडा), दगड आले की आधी तलवार. मारायचा आकडा ऐरणीवर वाढतो.

आता मूनव्हेल. ज्या तलवारीसाठी दादा दगड राखत होता ती कुठे मिळते? गेल टनेलमध्ये, मॅग्मा वर्मला मारल्यावर. लिमग्रेव्ह आणि केलिडच्या हद्दीवर आहे ती खाण, सीमाभागातली म्हणा. (सीमाप्रश्नानं तिथंही आपला पिच्छा सोडला नाही.) ती वापरायला इंटेलिजन्स लागतं २३. समुराईचं सुरुवातीला असतं ९. दादानं १४ लेव्हल नुसत्या इंटेलिजन्सवर घातल्या, शिवाय डेक्स्टेरिटी १८ लागते ती वेगळी. मी बघत होतो, एक शब्द बोललो नाही. तलवार आली. उरलेले आणि नवे जमवलेले सगळे दगड घेऊन स्वारी राउंडटेबल होल्डला, तिथल्या ह्यूग लोहारासमोर उभी राहिली. त्या रात्री मी मुद्दाम शेजारी बसलो होतो.

यादी उघडली. मूनव्हेलसमोर मागणी सॉम्बर स्मिदिंग स्टोनची. साधा दगड एकसुद्धा चालत नाही.

हे तुम्ही आत्ताच डोक्यात पक्कं बसवा, कारण तुमच्या प्रश्नाचा निकाल इथेच लागतो. ह्या गेममध्ये दगडांची दोन खाती आहेत. साधी शस्त्रं साध्या स्मिदिंग स्टोनवर वाढतात, प्लस पंचवीसपर्यंत. खास नावाची, अंगची कला असलेली बहुतेक शस्त्रं सॉम्बर दगडांवर वाढतात, प्लस दहापर्यंत, आणि तिथे प्रत्येक पायरीला एकच दगड लागतो. सॉम्बर प्लस दहा म्हणजे साध्याच्या पंचवीसच्या तोडीचं. एका खात्यातले दगड दुसऱ्यात जात नाहीत. तुम्ही ज्या 'पुढच्या चांगल्या शस्त्रासाठी' राखताय ते बहुधा सॉम्बरचं असेल, आणि मग आजचे १४ दगड त्याच्या काहीच कामाचे नाहीत. दादानं ज्या बारा दगडांवरून मला घराण्यात बदनाम केलं, ते मूनव्हेलला कधी लागणारच नव्हते!

मी हे म्हणालो तर म्हणतो, 'गेमवाल्यांनी हे आधी सांगायला पाहिजे होतं.' अरे, दगडाच्या वर्णनात लिहिलंय. दादा इंजिनिअर आहे बरं का. आता बेंगळूरला असतो, गणपतीला येतो, आणि अजूनही बारा दगडांचीच गोष्ट सांगतो. सॉम्बरची कधी सांगत नाही.

साधे दगड संपतील ही भीती तर सोडाच. मार्गिटला न मारताही स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या कडेनं लिउर्निया ह्या पुढच्या प्रदेशात उतरता येतं. तिथे राया लुकारिया क्रिस्टल टनेल आहे, शेवटी क्रिस्टलियन नावाचा काचेचा माणूस, सुरुवातीला अंगावर ओरखडाही उठत नाही. एकदा त्याला तडा गेला की मग सोपा. त्याच्याकडून पहिली बेल बेअरिंग मिळते. ती राउंडटेबल होल्डमधल्या त्या जोड म्हाताऱ्यांना, ट्विन मेडन हस्क्सना दिली की १ आणि २ नंबरचे दगड (वरच्या पायऱ्यांना वरच्या नंबरचे लागतात) रून देऊन हवे तेवढे विकत मिळतात. म्हणजे कुठलंही साधं शस्त्र प्लस सहापर्यंत कधीही नेता येतं. पुढच्या तीन बेल बेअरिंग ८ नंबरपर्यंतचे दगड उघडून देतात. दुकानात मिळणारी वस्तू कसली राखायची? तोवर लिमग्रेव्ह टनेल्समध्ये जा, भिंतीत चकाकणारे दगड दिसतील, तेवढे उचला.

दुसरी उचिगाताना डेथटच्ड कॅटाकोम्ब्समध्ये पडलेली मिळते. दोन्ही हातात घेऊन फिरायचा मोह होतोच, पण मग दोन्ही वेगवेगळ्या वाढवाव्या लागतात.

चिलखताचं विचारलंय, 'अपग्रेडचा पर्याय सापडत नाही' म्हणून. नाहीच आहे तर सापडेल कुठून. पहिल्या दोन डार्क सोल्समध्ये चिलखत वाढवता यायचं, तिसऱ्यापासून कंपनीनं ते काढून टाकलं. जे बरं दिसतं ते घाला, फक्त एकूण वजन ७० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर लोळण जड होते. वाचायचं असेल तर चर्चांमधून सेक्रेड टिअर गोळा करून फ्लास्क वाढवा. आणि ते प्या. दादासारखे शिल्लक ठेवू नका.

आता 'मी दुसरे गेमही खेळतो, तिथं पण हेच का' असं कुणी विचारायच्या आत सांगतो, नाही, सगळीकडे नाही. विचर ३ मध्ये वाटेत मिळणाऱ्या तलवारींवर जीव लावू नका, दोन-तीन लेव्हलनंतर त्या भंगार. तिथे विचर सेटचे आराखडे शोधा, ग्रिफिन किंवा कॅट वगैरे, त्यात जुनाच तुकडा देऊन पुढचा घडवता येतो. स्कायरिममध्ये चिलखत ठोकत बसलात तरी ८० टक्क्यांच्या वर मार अडवला जात नाही, तिथे थांबा. आणि ज्या ऑनलाइन गेममध्ये अपग्रेड फसलं की वस्तूच जाते किंवा पायऱ्या खाली घसरतात, तिथे तुमच्या मनाप्रमाणे राखून ठेवा, मी काही बोलत नाही. तो सरळ जुगार आहे.

एल्डन रिंगमध्येही एक दगड आहे जो जपून वापरायचा, एन्शंट ड्रॅगन स्मिदिंग स्टोन. तो प्लस चोवीसवरून पंचवीसला लागतो, एका खेपेत मोजकेच मिळतात, आणि म्हाताऱ्यांकडे बेल बेअरिंगनं तो उघडत नाही. सॉम्बरच्या शेवटच्या पायरीलाही असाच त्याचा भाऊ लागतो. पण हे सगळं तुम्हाला लागायला अजून बराच अवकाश आहे, आणि चोवीस-पंचवीसमधला फरक फार नाही. दोन-तीन शस्त्रं चोवीसपर्यंत नेऊन वापरून बघा, जे हाताला बसेल त्याला तो शेवटचा द्या. आजचे १४ मात्र आजच. चर्च ऑफ एलेवर १२ लागतील, उरलेले २ कुठल्याही दुसऱ्या शस्त्राला प्लस एक करायला पुरतील, धनुष्याला द्या, समुराईकडे सुरुवातीपासून असतंच.