वाचकांचे प्रश्न: कार्पच्या मासेमारीत ‘एज’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न: काका नमस्कार. मी इंग्लंडमध्ये रीडिंगला राहतो, दोन वर्षं झाली कार्प फिशिंगचं वेड लागलंय. रॉड लायसन्स काढलं, दोन चांगले रॉड घेतले, मासा लागला की वाजणारे बाइट अलार्म घेतले, बॉयलीज म्हणजे आमिषाच्या उकडलेल्या गोळ्या तर दर महिन्याला नव्या फ्लेवरच्या आणतो. तरी अलार्म वाजतच नाही. आणि पलीकडे एक आजोबा जुनाट रॉड घेऊन येतात, दुपारपर्यंत दोन-तीन मासे पकडून परत पाण्यात सोडतात आणि घरी जातात. इथे जो तो म्हणतो की ‘एज’ पाहिजे. ती आणायची कुठून? सामान फार असतं म्हणून मी पार्किंगजवळच्या पेगवरच (काठावरच्या ठरलेल्या जागेवर) बसतो, त्याने काही फरक पडतो का?

उत्तर: अरे, उत्तर तुझ्या शेवटच्या वाक्यातच आहे. तू मासे बघून जागा ठरवत नाहीस, सामान बघून ठरवतोस. ते आजोबा आल्या आल्या काय करतात ते एकदा नीट बघ. माझी पैज आहे, पहिला अर्धा तास ते रॉड पिशवीतून काढतसुद्धा नसतील.

एज म्हणजे इतरांपेक्षा थोडं जास्त काहीतरी आपल्याकडे असणं, एवढाच त्याचा अर्थ. दुकानात मिळणारी गोष्ट उद्या शेजारच्याकडेही येते, मग जास्त काय राहिलं? हेअर रिगचंच घे, म्हणजे बेट (आमिष) गळाला लावायची एक पद्धत. कार्पला हात नाहीत, तो सगळं तोंडानेच चाचपतो, खाणं पाण्यासकट आत ओढतो आणि नको असेल ते फुंकून टाकतो, त्याचे दातसुद्धा ओठांजवळ नसतात, घशात असतात. लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या इंग्लंडच्या दोन गळवाल्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटाला टाकीतले कार्प बघून बघून हे ओळखलं की गळ आत खुपसलेला बेट सुट्ट्या दाण्यासारखा वागत नाही आणि माशाला ते कळतं. म्हणून त्यांनी बेट गळात न खुपसता केसाने गळाला लोंबकळता बांधला, आणि सुरुवातीला तो खरोखर माणसाच्या डोक्यावरचा केस होता! गुपित मोजक्या लोकांत होतं तोवर त्यांना मासेच मासे लागले. आज तीच रिग तयार पाकिटात मिळते, तुझ्या तळ्यावर प्रत्येकाच्या दोरीला आहे. म्हणजे नसेल तर तू मागे पडशील, पण असली म्हणून पुढे जाणार नाहीस. मला त्या शोधात सगळ्यात मोठी वाटते ती त्यांनी टाकीसमोर बसून घालवलेली वेळ, केस नंतर आला.

इंग्लंडच्या हर्फर्डशरमधलं रेडमायर नावाचं छोटं तळं आहे, जेमतेम तीन एकर. तिथे रिचर्ड वॉकर यांनी सप्टेंबर १९५२ मध्ये ४४ पाउंडांचा कार्प काढला, वीस किलोच्या आसपास, इंग्लंडचा तेव्हाचा विक्रम. तो मासा पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवला होता. मग त्याच तळ्यात जून १९८० मध्ये ख्रिस येट्स यांनी साडेएक्कावन्न पाउंडांचा काढला, बांबूच्या जुन्या रॉडवर आणि साध्या स्वीटकॉर्नवर. हेअर रिग तेव्हा आलेली होती बरं का. ज्यांनी ते पाणी डोळे फाडून बघितलं होतं त्यांना स्वीटकॉर्न पुरलं.

आता तुझ्या तळ्यावर काय करायचं ते सांगतो. पहाटे उजाडायच्या आत पोच, हातात फक्त पोलराइज्ड चष्मा घेऊन, आणि तळ्याला अख्खी एक फेरी मार. कार्प पहाटे उसळी मारतो, कुठे ते लक्षात ठेव. बारीक बुडबुड्यांचा पुंजका एका जागी वर येत असेल आणि तिथलं पाणी गढूळ झालं असेल, तर खाली कोणीतरी चिखल उकरतंय. वारा कुठून येतोय ते बघ, गरम दिवसांत नैर्ऋत्येचा ऊबदार वारा सुटला की वरचं कोमट पाणी समोरच्या काठाकडे ढकललं जातं, खाणंही तिकडेच जमतं, आणि बरेचदा मासेही मागोमाग जातात. लोक मात्र पाठीला वारा घेऊन बसतात कारण तिथे थंडी वाजत नाही. तू तोंडावर वारा घे.

मग नुसतं शिसं लावून टाक आणि दोरी ताणून धरून त्याला तळाला जाऊ दे. हाताला ‘टक्’ असा ठोका लागला तर खाली खडी, काहीच लागलं नाही, जसं काही लोण्यात रुतलं, तर गाळ. हा ठोका बोटांना कळायला मला एक पूर्ण सीझन लागला होता, त्यामुळे पहिल्या दिवशी नाही कळलं तर नाराज होऊ नकोस. पण एकदा का गाळात टेबलाएवढा खडीचा तुकडा सापडला की तो तुझा, दुसऱ्या कोणाच्याच सामानाच्या पेटीत तो नाही.

आणि पाय आपटत चालू नकोस, ट्रॉली धडधडत आणू नकोस. कार्पच्या कुळातल्या माशांमध्ये हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी छोटी हाडं असतात, त्यामुळे त्यांना फार चांगलं ऐकू येतं, काठावर खुर्ची ठोकलेली त्यांना कळते. गळाचं टोक दर वेळी नखावर टेकवून बघ, अडकलं तर धारदार, घसरलं तर बदल. एवढी छोटी गोष्ट आहे पण मी मी म्हणणारे दिवसभर बोथट गळ पाण्यात ठेवून बसतात आणि बॉयलीला दोष देतात. निम्मं सामान घरी ठेव म्हणजे मासे दिसले की उठून तिकडे जाता येईल.

प्रश्न: मी पुण्याजवळ गळ टाकते. इंग्लंडचे हे प्रकार आपल्या रोहू-कटल्याला चालतील का? — एक वाचक, हडपसर

उत्तर: ताई, आधी एक सांगतो, आपल्या बाजारात ‘सायप्रिनस’ म्हणून जो मासा मिळतो तो म्हणजे हाच इंग्लंडचा कॉमन कार्प, बाहेरून आणून भारतात सोडलेला. तो आणि आपला मृगळ तळाशी खाणारे, त्यांच्यासाठी तळाला ठेवलेली हेअर रिग छान चालते. कटल्याचं तोंड बघा, खालचा ओठ पुढे आणि वर वळलेला, म्हणजे तो वरच्या पाण्यात खातो, त्याच्यासाठी तळाला बेट ठेवून दिवस घालवू नका, तरंगा लावून वर ठेवा. रोहू मधल्या पाण्यातला. सांगलीला माझे मामा कृष्णेत गळ टाकायचे, कणकेचा गोळा मळता मळता नजर पाण्यावरच असायची आणि ‘आज वर आहेत’ किंवा ‘आज खाली आहेत’ एवढंच बोलायचे, मग तरंग्याची गाठ तेवढी वर-खाली सरकवायचे. तुम्ही तिथूनच सुरुवात करा. आणि तलावाचा ठेका कोणाकडे आहे ते विचारून परवानगी घेऊनच बसा.