बोलता येईल एवढंच पळा

पळापळी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर नमस्कार, मी परभणीचा, वय ४२, बँकेत नोकरी. पाऊस सुरू झाला तेव्हापासून आमच्या ग्रुपसोबत सकाळी कृषी विद्यापीठाकडं पळायलोय, डिसेंबरात १० किलोमीटरच्या एका रेसला नाव पण टाकलंय. पण मला मजाच येईना. बाकीचे म्हणतात पळाल्यावर लई भारी वाटतं, दिवसभर फ्रेश राहतो, मला तर दुसऱ्या किलोमीटरलाच जीव नको होतो, घरी येऊन जो सोफ्यावर पडतो ते बायको ओरडेपर्यंत. रात्री झोपतानाच उद्या पळायचंय ह्याचं टेन्शन येतं. ग्रुपवर सगळे स्ट्राव्हाचे (पळण्याची नोंद ठेवणारं ॲप) स्क्रीनशॉट टाकतात, कुणाचा साडेपाचचा पेस म्हणजे साडेपाच मिनिटाला किलोमीटर, कुणाचा सहाचा, माझा साडेसहा आणि तो पण जीव काढून. पळणं आपल्यासाठी नाहीच का? रेस झाली की सोडून देऊ का?

उत्तर : भाऊ, उत्तर तुमच्याच पत्रात आहे, "तो पण जीव काढून". रोज जीव काढल्यावर कशाची मजा येणारे?

आपल्याकडं एक गोष्ट झालीये. मराठवाड्यात पळणं म्हणलं की डोळ्यासमोर येते भरती. जिल्ह्याच्या कुठल्याही ग्राउंडवर पहाटे जा, पोरं १६०० मीटर मारायलेली असतात, पोरी ८००, काठावर एकजण मोबाईलवर टायमिंग लावून ओरडतोय, आणि संपल्यावर दोनचार जण गुडघ्यावर हात ठेवून ओकायच्या बेतात. त्यांचं बरोबरे, त्यांच्या मार्कांचा आणि नोकरीचा प्रश्न आहे. पण तेच बघत आपण मोठे झालो त्यामुळं दम लागला नाही, तोंडाला फेस आला नाही म्हणजे पळालोच नाही असं डोक्यात बसलंय. तुम्ही १६०० ची पळण्याची पद्धत घेऊन १० किलोमीटरला निघालाय, तेही रोज सकाळी, वयाच्या ४२ व्या वर्षी, आणि नंतर आठ तास काउंटरवर बसायचंय.

तर उद्यापासून एकच नियम, पळताना बोलता आलं पाहिजे. हो-नाही असं तुटक नाही, पूर्ण वाक्यं. सोबत कुणी नसेल तर सतराचा पाढा मोठ्यानं म्हणा, सतरा सक मध्येच दम तुटला की वेग जास्त आहे, कमी करा. (सतराचा पाढा मुळातच येत नसेल तर बाराचा घ्या, त्याला माझी हरकत नाही.) तुमच्या बाबतीत हा वेग साडेसात-आठ मिनिटाला किलोमीटर असा काहीतरी निघेल, सुरुवातीला चक्क लाज वाटेल, वॉकिंगवाले काका बाजूनं जातील. जाऊ द्या. तेवढ्यातही दम लागला तर ४ मिनिटं पळा, १ मिनिट चाला, परत ४ मिनिटं पळा. चालणं म्हणजे हार नाही, जेफ गॅलोवे नावाचा अमेरिकन धावपटू १९७२ च्या ऑलिम्पिकला १०,००० मीटर पळाला होता आणि पुढं त्यानंच हौशी लोकांमध्ये ही पळा-चाला पद्धत पसरवली.

हळू पळण्यात शरीराचं काम थांबत नाही, उलट खरं बांधकाम तिथंच होतं. स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात, ऑक्सिजन वापरायची ताकद वाढते, आणि हे सगळं निवांत वेगाला बराच वेळ पळाल्यावर होतं. दुसरं म्हणजे छाती आणि दम लवकर तयार होतो, काही आठवड्यात फरक कळतो, पण नडगी, टाच, गुडघ्याच्या आजूबाजूचे स्नायुबंध ह्यांना महिने लागतात. दम आलाय म्हणून माणूस वेग वाढवतो आणि नडगी धरून बसतो. आणि ते जे "भारी वाटतं" म्हणतात ना, त्यासाठी शरीरातलीच काही रसायनं कारणीभूत धरतात, ती मध्यम वेगानं जरा वेळ पळाल्यावर वाढतात. जीव काढून पळणाऱ्याला ती सापडत नाहीत, त्याला सोफा सापडतो.

आठवड्यातून एक दिवस जोरात पळा की, कोण नाही म्हणतंय. व्यवस्थित गरम झाल्यावर मिनिटभर जोरात, दोन मिनिटं चालत, असं पाच-सहा वेळा, बास. बाकी सगळे दिवस पाढा.

एक गोष्ट ग्रुपवाले सांगणार नाहीत, पहिली १०-१५ मिनिटं जवळपास कुणालाच मजा येत नाही. हृदय, श्वास, पाय ह्यांचा मेळ बसायला तेवढा वेळ लागतोच. मला अजूनही पहिल्या किलोमीटरला वाटतं की आज आपलं काही खरं नाही. तुम्ही दोन किलोमीटरवरच हैराण होता म्हणजे मजा सुरू व्हायच्या आधीच तुमचं पेट्रोल संपलेलं असतं.

आता त्या स्क्रीनशॉटचं. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, स्टीपलचेसवाला (अडथळे ओलांडत पळायची शर्यत), २०२० ला दिल्लीत हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, १ तास ३० सेकंदात पळाला, म्हणजे किलोमीटरला साधारण २ मिनिटं ५२ सेकंद, ताशी २१ किलोमीटर. त्या वेगानं जायला आपल्याला स्कूटी काढावी लागेल. तिथून खाली बघितलं तर तुमचा साडेसात आणि ग्रुपमधल्या हिरोचा साडेपाच एकाच रांगेत उभे दिसतात, मग भांडायचं कशाला. रेस होईपर्यंत घड्याळाची स्क्रीन मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून पळा, किंवा किलोमीटर सोडून मिनिटं मोजा, आज ४० मिनिटं, झालं. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायचाच असेल तर पळून झाल्यावरच्या चहाचा फोटो टाका.

आणि रोज तोच डांबरी रस्ता कशाला. दिवाळीनंतर एखाद्या रविवारी गावाकडच्या गाडरस्त्यानं पळून बघा, ज्वारी उभी असते, हरभरा फुलात येतो, बांधाकडेनं गेलात तर हरभऱ्याच्या आंबेनं (पानांवरचं आंबट पाणी) सॉक्स भिजतात आणि पोटऱ्या खाजवतात ते वेगळंच. फक्त पाऊस पडलेला असेल तर काळ्या मातीच्या वाट्याला जाऊ नका, शंभर पावलात एकेका शूजखाली किलोभर माती चिकटते आणि काडीनं खरवडत बसावं लागतं. तसंच कारखाने सुरू झाले की पहाटे अंधारात मोठ्या रस्त्यावर नकोच. उसाच्या ट्रॉल्यांना मागं लाईट नसतो, ऊस दोन्हीकडून बाहेर आलेला असतो आणि टेप एवढा मोठा की ड्रायव्हरला तुम्ही ओरडलेलं ऐकू जायचं नाही. जावंच लागलं तर उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं, आणि कानात काही न घालता.

रेसच्या दिवशी डीजे वाजत असतो, सगळे सुटतात, तुम्ही सुटू नका. पहिले ३ किलोमीटर पाढ्याच्याच वेगानं, मग वाटलं तर वाढवा. शेवटच्या दोन किलोमीटरला पहिल्या धडाक्यात पुढं गेलेले लोक चालत असतात आणि आपण त्यांना मागं टाकतो. ह्यात जे समाधान आहे ते जरा हलकट आहे पण आहे. नवे शूज आणि किटमध्ये मिळालेला नवा टी-शर्ट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, टी-शर्ट काखेत आणि छातीला घासतो, आंघोळीच्या वेळी कळतं.

प्रश्न : मी अंबाजोगाईची, वय ३५. सकाळी पळावं वाटतं, ५ किलोमीटरच्या रेसला मैत्रिणीसोबत जायचंय. सासूबाई काही म्हणत नाहीत पण गल्लीतल्या बायका "काय, भरती निघाली का" म्हणून हसतात. पंजाबी ड्रेसवर पळालं तर चालतं का? आणि कुत्र्यांचं काय करावं?

उत्तर : ताई, ड्रेसवर बिनधास्त पळा, ओढणी तेवढी घरी ठेवा आणि सलवारीऐवजी लेगिंग घाला म्हणजे पायात अडकणार नाही. पैसे खर्च करायचेच तर दोन गोष्टींवर करा, शूज आणि चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा, ह्यात काटकसर नको. गल्लीतून पळूच नका, चालत बाहेर पडा आणि ज्या ग्राउंडवर भरतीच्या पोरी ८०० चा सराव करतात तिथं त्यांच्याच वेळेला जा. तिथं कुणी बघत नाही, सगळ्या आपापल्या टायमिंगच्या मागं असतात, आणि एखादी पोरगी तुम्हाला ताई ताई करत स्ट्रेचिंग पण शिकवेल. मुकुंदराजांच्या समाधीकडचा रस्ता सुंदर आहे पण तिकडं मैत्रीण सोबत असेल तरच. गल्लीतल्या बायकांचं म्हणाल तर त्यातली एक तरी काही दिवसांनी शूज कुठून घेतले विचारणार, तयारी ठेवा.

कुत्रं मागं लागलं की पळायचं थांबा. पळणाऱ्याच्या मागं ते लागतंच. उभं राहा, तोंड त्याच्याकडं, डोळ्यात डोळे न घालता हळूहळू मागं सरका, खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं तरी बहुतेक कुत्री सटकतात. चावलंच तर जखम साबणाच्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात इंजेक्शन सुरू करा, हळद-चुना लावत बसू नका.

प्रश्न : उन्हाळ्यात पळणं बंद करावं का? (लातूर)

उत्तर : बंद नको, कमी करा. उन्हात शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडं वळतं, त्यामुळं त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात, म्हणून एप्रिल-मे मध्ये पेस बघायचाच नाही. शरीराला गरमीची सवय व्हायला १०-१४ दिवस लागतात, तोपर्यंत अर्ध्या तासाच्या वर जाऊ नका आणि सूर्य वर यायच्या आत घरी या. पाण्यात लिंबू, मीठ, साखर टाका, तहान नसताना नुसतं पाणी लिटर लिटर ढोसणं पण धोक्याचं, रक्तातलं मीठ उतरतं. गरगरलं, थंडी वाजल्यासारखं झालं किंवा बोलताना शब्द अडखळायला लागले की तिथंच सावलीत बसा, डोक्यावर आणि अंगावर पाणी ओता आणि कुणाला तरी फोन करून बोलवून घ्या, एकट्यानं गाडी चालवत घरी येऊ नका.