बारा मात्रांचा हिशेब

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतचा आराखडा, दोन्ही वाचलं. स्पेनमधल्या सेव्हियात तीन आठवडे राहून तिथल्या फ्लामेंको नर्तकीबरोबर तुझ्या कथकची नवी रचना बसवायची, हे छानच. पण आराखड्यात पहिलंच वाक्य आहे, ‘एकताल आणि सोलेआ दोन्ही बारा मात्रांचे, त्यामुळे सहज जुळतील.’ तिथे मी पेन्सिलीने मोठी फुली मारली आहे.

एकताल दोन-दोन मात्रांच्या सहा विभागांचा. टाळ्या १, ५, ९, ११ वर, खाली (टाळीऐवजी रिकामा हात) ३ आणि ७ वर. सोलेआ या फ्लामेंको प्रकाराच्या आवर्तनात, ज्याला ते कोंपास म्हणतात, जोर येतो ३, ६, ८, १०, १२ वर, म्हणजे तीन-तीन-दोन-दोन-दोन अशी चाल. बुलेरिया या त्यांच्या जलद प्रकारातही बहुतेक वेळा हीच चाल असते, फक्त मोजणी १२ पासून सुरू होते आणि गती मिनिटाला दोनशे मात्रांच्या वर जाते. म्हणजे दोन्हीकडे सारखा आहे तो फक्त बारा हा आकडा.

खरी गोम शेवटात आहे. आपलं सगळं समेसाठी, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेसाठी, चाललेलं असतं. तुकडा असो की तिहाई (तेच बोल तीनदा), शेवटचा थेई पडायचा तो एकवर. त्यांचं वाक्य मिटतं दहावर. गिटार तिथे स्वर मिटवते आणि ११-१२ हा श्वास असतो. तू सवयीने तिहाई एकवर आणलीस, तर त्यांच्या कानांना तू तीन मात्रा उशिरा आलीस आणि तुझ्या कानांना ते तीन मात्रा आधीच थांबले. दोघीही तालात, आणि प्रेक्षकांना मात्र वाटतं कुणीतरी चुकलं. अशा जोड-कार्यक्रमांत हे सर्रास होतं. मग घाईघाईत सगळं द्रुत लयीत नेऊन, पायांच्या आवाजात झाकून टाकतात. तसं करू नकोस.

दहावर येणारी तिहाई आधी हाताने ताल धरून म्हणून बघ. सोलेआच्या १ वर सुरू कर: ‘तत् थेई’, दोन मात्रा दम (विराम), ‘तत् थेई’, दोन मात्रा दम, ‘तत् थेई’. थेई पडतात २, ६ आणि १० वर. पहिला त्यांच्या तीनच्या जोराआधी एक मात्रा येतो, त्यामुळे ऐकणारा बिचकतो. दुसरा बरोबर सहावर बसतो आणि तिसऱ्याला सगळं मिटतं. आता हीच जरा भरून घे. मागच्या कोंपासच्या १२ वर सुरू करून ‘दिग दिग थेई’, एक मात्रा दम, असं तीनदा म्हण. थेई पुन्हा २, ६, १० वरच. या दोन तिहाया हातात आल्या की बाकीच्या तू स्वतः बांधशील.

सोळा मात्रांच्या त्रितालात नाचायची हौस असेल तर हिशेब ४८ मात्रांचा: तुझी तीन आवर्तनं, त्यांचे चार कोंपास. इथे एक गंमत करता येते. चौथ्या कोंपासचा दहा म्हणजे ४६वी मात्रा, तुझ्या तिसऱ्या आवर्तनाची चौदावी. गिटारने ४६ वर मिटवायचं, ४७ आणि ४८ अगदी रिकाम्या ठेवायच्या, आणि ४९ वर तबला आणि तुझा पाय एकदम सम घेतील. दोघींचेही शेवट जागच्या जागी राहतात आणि प्रेक्षकांना ते दोन वेगळे शेवट ऐकू येतात. पण त्या रिकाम्या दोन मात्रांत घुंगरू वाजलं तर सगळं गेलं. पाय दाबून उभं राहायचा सराव वेगळा कर.

म्हणून पहिले तीन दिवस नाचूच नका. पाल्मास, म्हणजे त्यांच्या टाळ्या, शिकून घे. हाताचा खळगा करून वाजवायची दबकी टाळी वेगळी आणि बोटांनी तळव्यावर मारायची कोरडी टाळी वेगळी. गायन चालू असताना बहुधा पहिली वापरतात. तू टाळ्या देत असताना तिने पाय करावेत, आणि तिच्या टाळ्यांवर तू पढंत करावीस. बोल म्हणून दाखवायची शिस्त आपल्याकडे पक्की आहे. तिला ती नवी वाटेल, पण दोघींमधला सगळ्यात भरवशाचा पूल तोच. सोलेआने सुरुवात अवघड जात असेल तर तांगोस हा फ्लामेंकोचाच प्रकार घ्या. त्या चार मात्रांच्या चालीचे चार कोंपास त्रितालात नेमके बसतात. (अर्जेंटिनाचा टँगो वेगळा.)

गायकाबद्दल जास्त सावध राहा. आपल्याकडे लेहरा, म्हणजे आवर्तनाबरोबर फिरत राहणारी एकच सुरावट, अखंड चालू असतो, त्यामुळे जमीन कुणीतरी धरलेली असते आणि आपण वाटेल तिथे पाय भरतो. तिथे लेहरा नाही. जमीन टाळ्यांची, आणि गाणं सुरू झालं की नर्तकी पाय आवरते, अंगाने नुसती चाल दाखवते. गायकाला बोलावण्यासाठी ती यामादा नावाचा पायांचा तुकडा करते आणि थांबते. त्या थांबण्यात ततकार (आपलं पायांचं काम) घुसवणं म्हणजे ठुमरीच्या बोलावर ततकार करण्यासारखं. ठुमरीत तू ते करणार नाहीस, मग तिथेही नको.

लेहरा नेणारच असशील तर भैरवीचा नेण्याचा मोह होईल, कारण सोलेआचे स्वर कानाला भैरवीसारखे लागतात. पण वाक्य मिटवताना गिटारचा शेवटचा झंकार शुद्ध गंधार घेऊन येतो आणि तुझ्या कोमल गंधाराशी भांडतो. शुद्ध गंधार असलेल्या बसंत मुखारी रागाच्या अंगाने बांधलेला लेहरा जास्त जवळ जाईल. नाहीतर गंधारावर न थांबणारी साधी ओळ घे. षड्ज हार्मोनियमवाल्याने आधी सांगावा. गिटारच्या दांडीवर पट्टी सरकवून गिटारवाला तिथे येऊ शकतो, हार्मोनियमला तेवढं सोपं नसतं.

आता जमीन. तिच्या बुटांच्या चवड्याला आणि टाचेला बारीक खिळे ठोकलेले असतात, तू अनवाणी. तालमीच्या खोलीत व्हिनाइल असेल तर ते खिळे त्याची चाळण करतील आणि आवाजही मेलेला येईल. काँक्रीटवर ततकार केलास तर आठवड्यात नडगी दुखायला लागेल. खाली लाकडी पट्ट्या, वर १८ मिमीचं प्लायवूड. आठ बाय चार फुटी १२ तुकड्यांत २४ बाय १६ फुटांचा मंच होतो, दोघींना पुरतो. स्क्रूची डोकी लाकडात बुडवून घ्या. सांधे तुझ्या चक्करच्या जागेखाली येणार नाहीत असे मांडा, कारण टाच सांध्यावरच्या टेपला अडकते. दर तालमीनंतर मंचावरून लोहचुंबक फिरवा, उखडलेले खिळे त्यात येतात. सुटलेलं पितळी घुंगरू चुंबकाला लागेलच असं नाही, ते डोळ्यांनी शोधायचं. तिच्या टाचेखाली एक आलं तरी ती घसरेल.

घुंगरांचं ओझंही कमी कर. दीडशेच्या जोड्या तिच्या पायांचे बारकावे गिळून टाकतात, आणि जमिनीवर माइक ठेवला तर ध्वनिव्यवस्थापकाला वेगळं काही करता येत नाही. एकत्र भागात पन्नास-पन्नास बांधून बघ, एखाद्या भागात अजिबात नको.

निवेदनात ‘फ्लामेंको ही कथकची लेक’ असं कृपा करून लिहू नकोस. रोमानी भाषेचं मूळ भारतात आहे, हे भाषाशास्त्राने सिद्ध आहे. स्पेनमध्ये ती बोलणाऱ्या रोमा लोकांची पहिली नोंद १४२५ची. पण कथकचं आजचं रूप लखनौ-जयपूरच्या दरबारांत त्यानंतर कितीतरी उशिरा घडलं, आणि फ्लामेंको दक्षिण स्पेनच्या अंदालुसियात खितानो (तिथले रोमा) आणि इतर लोकांच्या हातून, तिथल्याच मातीत. लेक म्हटलं की तू पाहुणी न राहता आई होऊन बसतेस, आणि तालमीत ते जाणवतं.

तिची हातांची फिरकी तीन आठवड्यांत उचलू नकोस, तुझे हस्तक तिला देऊ नकोस. त्यांची बोटं फुलतात, पण त्यांना अर्थ नसतो. आपल्या अभिनयातल्या हाताला असतो. उधार घेतलेले हात दोन्हीकडचे जाणकार पहिल्या मिनिटात ओळखतात.

करारात तीन गोष्टी लेखी घे: श्रेयनामावलीचा क्रम, चित्रफीत कोण कुठे वापरणार, आणि तिघांपैकी एक नसताना प्रयोग होऊ शकतो का. तिघं म्हणजे तू, ती आणि गायक, त्याला विसरतात. गुरूंच्या बंदिशी वापरणार असशील तर आधी त्यांना विचार. मानधन मिळणार असेल तर साध्या पर्यटक व्हिसावर जाऊ नकोस.

पहिल्या तीन दिवसांचं टाळ्यांचं ध्वनिमुद्रण मला पाठव. नाचाचं नको, नुसत्या टाळ्यांचं. दहावर बोट ठेवून ऐकेन.