शेजारच्या खुर्चीला तरी सांग

*ताई, मी 27 वर्षांची आहे. चौदाव्या वर्षापासून टाईप 1 डायबिटीस आहे. नव्या नोकरीला चार महिने झाले, पण ऑफिसात कुणालाच सांगितलेलं नाही. इन्सुलिन टॉयलेटमध्ये जाऊन घेते. सगळे एकत्र जेवायला बसले आणि उठता आलं नाही, तर डोस चुकवते. मागच्या आठवड्यात मीटिंगमध्ये शुगर 52 वर आली. मी काहीतरी असंबद्ध बोलले, शेजारच्या मुलीवर खेकसले आणि नंतर ‘ॲसिडिटी’ म्हणून वेळ मारून नेली. आई म्हणते, कशाला गावभर करायचं? काय करू?*

सांग. गावभर नको, तेवढं आईचं बरोबर आहे. तेरा वर्षं तिने लोकांचे प्रश्न झेललेत, ती धास्तावणारच.

पण तो 52 चा आकडा मला पत्र वाचल्यापासून टोचतोय. 70 च्या खाली गेली की शुगर ‘लो’, आणि 54 च्या खाली म्हणजे प्रकरण गंभीर. मेंदूलाच साखर पुरत नाही. घाम फुटतो, हात थरथरतात, जीभ अडखळते, माणूस उगाच चिडतो. बघणाऱ्याला वाटतं, ही प्यायली तरी आहे किंवा उर्मट तरी आहे. आणि नेमकं तेव्हाच तुला धड काही सांगता येत नाही. म्हणून डोकं ठिकाणावर असताना सांगून ठेवायचं.

डोस चुकवणं मात्र आजपासून बंद, इथे मी ऐकून घेणार नाही. टाईप 1 मध्ये शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. डोस राहिला की रक्तात आम्ल साचून कीटोॲसिडोसिसपर्यंत मजल जाऊ शकते, म्हणजे थेट ॲडमिट. चारचौघांत इन्सुलिनचं पेन काढायचं की नाही, तुझी मर्जी. पण ‘आलेच दोन मिनिटांत’ म्हणून उठायला कुणाची परवानगी लागत नाही.

मला स्वतःला टाईप 2 आहे. पहिली दोन वर्षं मी शुगर तपासायचं मीटर रुमालात गुंडाळून ड्रॉवरच्या तळाशी ठेवायचे. शेवटी धीर करून, आवंढा गिळून, शेजारच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “हो का? बरं, ती निळी फाईल दे.” दोन वर्षांचं ओझं, आणि समारंभ एवढाच!

तूही भाषण करू नकोस. काम करता करता म्हण, “मला टाईप 1 आहे. कधी घामाघूम झाले, वेड्यासारखं बोलायला लागले, तर बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ग्लुकोजच्या गोळ्या आहेत, त्या दे. पंधरा मिनिटांनी मी शुगर तपासेन, चढली नाही तर परत घेईन. बेशुद्ध पडले तर तोंडात काही घालू नकोस, ॲम्ब्युलन्स बोलाव.” एका वेळी साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज लागतं. किती गोळ्या होतात ते पाकिटावर बघून चिठ्ठी आत टाकून ठेव. त्या क्षणी गणित कुणालाच सुचत नाही. साहेबांना नंतर, कामापुरतं सांग.

‘फार गोड खायचीस का गं?’ हा प्रश्न येणारच. टाईप 1 चा गोड खाण्याशी संबंध नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारलेल्या असतात. एकदा सांगायचं आणि विषय बदलायचा. तुझ्या ताटात डोकावून ‘हे चालतं का तुला?’ म्हणणारेही भेटतील. त्यांना ‘हिशेब मी ठेवते’ एवढं पुरे. रामबाण उपाय सुचवणाऱ्यांशी वाद घालू नकोस, तो प्रकार संपत नाही.

सुरुवात कुणापासून करायची, ते तूच पत्रात लिहिलंयस. जिच्यावर खेकसलीस, ती शेजारीच बसते आणि तिची माफी मागायची राहिलीच आहे. “त्या दिवशी ॲसिडिटी नव्हती गं,” इथून सुरू कर. आणि बॅगेचा कप्पा उघडून गोळ्या तिला दाखव.

— तुझी ताई