अंगावर काढलेलं

वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी ४३ वर्षांची. न्यू जर्सीत येऊन १४ वर्षं झाली. एका विमा कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. मुलगी बारा वर्षांची, मुलगा सात. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. साताऱ्याला आईची बायपास झाली, तिचं औषधपाणी मी इथून फोनवर मॅनेज करते. टीममध्ये आम्ही दोघी भारतीय, आणि साहेब गेली तीन वर्षं मला दुसरीच्या नावाने हाक मारतात. मी हसून मॅनेज करते. रात्री दात इतके आवळले जातात की डेंटिस्टने नाइट गार्ड दिलाय. छाती आवळते म्हणून कार्डिओलॉजिस्टकडे गेले, ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, सगळं नॉर्मल. एका थेरपिस्टकडे आठ वेळा जाऊन आले. ती म्हणाली, तुम्हाला स्वतःबद्दल छान समज आहे. समज आहे हो, पण जबडा काही सुटत नाही. आता ऑफिसमधली एक कृष्णवर्णीय मैत्रीण तिच्या ग्रुपला चल म्हणतेय. थकून गेलेल्या ‘विमेन ऑफ कलर’साठी सोमॅटिक थेरपी. तिथे नक्की काय करतात? आणि मी ‘ऑफ कलर’ आहे का? नवरा म्हणतो, ते त्यांचं आहे, आपलं नाही. वेळ कसातरी मॅनेज करीन, पण आधी कळू दे.
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमचं पत्र संपेपर्यंत माझेच दात एकमेकांवर घट्ट बसले होते. मग पेन्सिल घेऊन मोजलं. ‘मॅनेज’ तीनदा आलंय, हुद्द्यातलं सोडून.

आधी डॉक्टरी गोष्ट उरकते. हृदय तपासून घेतलंत ते उत्तम केलंत. आपल्या दक्षिण आशियाई माणसांना हृदयविकार इतरांच्या मानाने लवकर गाठतो, त्यामुळे छातीचं दुखणं ‘टेन्शनचं असेल’ म्हणून कुणीच सोडू नये. पण थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ पाहिलंत का? आणि ४३ म्हणजे पाळीची घडी विस्कटायला लागण्याचं वय. धडधड आणि उडालेली झोप त्यातूनही येते. एवढं गायनॅकला विचारा, मग पुढचं.

सोमॅटिक म्हणजे शरीराचं, इतकंच. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं की धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. नाडी वाढते, स्नायूंकडे रक्त धावतं, पचन थबकतं. आता साहेब तुम्हाला दुसरीच्या नावाने हाक मारतात तेव्हा तुम्हाला लढता येत नाही आणि पळताही येत नाही. तुम्ही हसता. नको असताना हसताना जबड्याचं काय होतं, ते एकदा आरशासमोर उभं राहून बघा. तीन वर्षं, आठवड्यातून निदान दोनदा. मला तुमच्या डेंटिस्टचं नवल वाटत नाही.

बोलण्याच्या थेरपीत तुम्ही ही हकीकत सांगता, आणि तुम्ही ती फार छान सांगत असणार. स्टेटस रिपोर्टसारखी. शरीरावर काम करणारी थेरपिस्ट तुम्हाला मध्येच थांबवील. ‘साहेबांनी हाक मारली म्हणालात तेव्हा उजवा खांदा वर गेला. तो तिथेच राहू दे. आता काय जाणवतंय?’ मग तुमचं लक्ष एखाद्या बिनत्रासाच्या जागेकडे नेईल, खुर्चीला टेकलेली पाठ, जमिनीवरचे तळवे. पुन्हा खांद्याकडे. पुन्हा तळव्यांकडे. असं थोडं थोडं, झेपेल तेवढंच. पीटर लेव्हिन यांच्या सोमॅटिक एक्सपिरिअन्सिंगमध्ये आणि पॅट ऑग्डन यांच्या सेन्सरीमोटर सायकोथेरपीमध्ये बारकावे वेगळे आहेत, पण घाई करायची नाही यावर दोघांचं एकमत. बघणाऱ्याला हे फार कंटाळवाणं वाटेल. पाऊण तासात एक खांदा.

दीर्घ श्वास घ्या, असं मी सांगणार नाही. मी स्वतः ही थेरपी शिकत होते तेव्हा प्रशिक्षणात मला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि दोन मिनिटांत मी घाबरीघुबरी होऊन खोलीबाहेर आले. वाटलं, आपल्याला एवढंही जमत नाही! पुष्कळ लोकांचं असं होतं, हे नंतर कळलं. त्या दिवशी बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये मी दोन्ही तळहातांनी भिंत ढकलत उभी राहिले, कुणी शिकवलं नव्हतं, आणि दंड थरथरून सैल झाल्यावर श्वास आपोआप खाली उतरला. अजूनही कठीण दिवस गेला की मी गराजमध्ये जाऊन भिंत ढकलते. नवऱ्याला सवय झाली आहे.

आता एक गोष्ट, जी मला या ग्रुपच्या जाहिरातीत सापडणार नाही याची खात्री आहे. आपल्या बायका माझ्यासमोर बसून इंग्रजीत सांगतात, ‘आय अ‍ॅम ओव्हरव्हेल्म्ड.’ सांगताना हात मांडीवर घडी घातलेले, चेहरा नीट. एकीला (ओळख बदलली आहे) मी विचारलं, मराठीत सांगा, काय होतं? ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, ‘पोटात खड्डा पडतो हो.’ आणि म्हणताना तिचा हात बरोबर बेंबीच्या वर जाऊन बसला. त्या आधीच्या पाच भेटींत तो हात हलला नव्हता. पोटात गोळा येतो, घशात आवंढा अडकतो, काळजात चर्र होतं, हातपाय गळतात. या सगळ्यांना अंगात जागा आहे. ‘स्ट्रेस’ला नाही. आणि आजारपणाकडे दुर्लक्ष करून कामाला लागायचं, याला आपण म्हणतोच ना, ‘अंगावर काढणं’. तुम्हाला काय झालंय, हे तुमच्या आजीने दोन शब्दांत सांगितलं असतं.

म्हणून ग्रुपमध्ये गेलात आणि काय जाणवतंय असं विचारलं, तर आधी मराठीत म्हणा. मोठ्याने. थेरपिस्टला शब्द कळण्याची गरज नाही, तुमचा हात कुठे जातो ते तिला दिसेल.

आता ‘ऑफ कलर’, म्हणजे गोऱ्या नसलेल्या. हा शब्द कातडीच्या छटेचा नाही, जुटीचा आहे. १९७७ साली ह्यूस्टनला राष्ट्रीय महिला परिषद भरली होती. तिथे कृष्णवर्णीय बायकांनी आपल्या मागण्यांचा मसुदा नेला, तेव्हा लॅटिना, आशियाई, मूलनिवासी बायका म्हणाल्या, आम्हालाही यात घ्या. सगळ्यांना मिळून एक नाव हवं होतं, त्यातून ‘विमेन ऑफ कलर’ पुढे आलं, असं लोरेटा रॉस या कार्यकर्तीने सांगितलं आहे. म्हणजे आशियाई बायका त्यात पहिल्या दिवसापासून आहेत. तुमच्या यजमानांना हे सांगा. आणि हेही सांगा की १९६५ च्या ज्या स्थलांतराच्या कायद्यामुळे आपल्यासारख्यांना या देशाचं दार उघडलं, तो नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेवरच आला. ‘त्यांचं’ आणि ‘आपलं’ इतकं वेगळं नाही.

मात्र सगळ्यांचं सारखंच, असंही समजू नका. आर्लीन जेरॉनिमस या सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक, त्यांनी १९९२ साली मांडलं की वर्षानुवर्षं भेदभाव आणि ओढाताण सोसून कृष्णवर्णीय बायकांचं शरीर वयाआधी झिजतं. त्याला त्यांनी ‘वेदरिंग’ म्हटलं, ऊनपावसाने भिंत झिजावी तसं. या देशात बाळंतपणात मरणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांचं प्रमाण गोऱ्या बायकांच्या तिप्पट आहे. तुमच्या मैत्रिणीच्या अंगात काय साठलंय ते तुमचं नाव चुकण्यापेक्षा फार जुनं असू शकेल. पहिल्या दोन भेटींत थोडं कमी बोला. पण तुमचं दुखणं छोटं म्हणून लपवूही नका. ‘आमचं काय एवढं’ म्हणत गप्प बसणं हेही अंगावर काढणंच.

पैसे भरण्याआधी थेरपिस्टला विचारा, लायसन्स कोणतं? सोशल वर्करचं, सायकॉलॉजिस्टचं, काहीही चालेल, पण राज्याच्या बोर्डाच्या संकेतस्थळावर नाव सापडलं पाहिजे. सोमॅटिकचं प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स नव्हे, ‘सोमॅटिक कोच’ ही पाटी कुणीही लावू शकतं. तुमच्या विम्याच्या नेटवर्कबाहेरची असेल तर सुपरबिल, म्हणजे विम्याला पाठवायची तपशीलवार पावती, देते का ते विचारा, म्हणजे विम्याकडून काही परत मिळू शकेल. आणि हा जादूचा इलाज नाही. पुरावा अजून तोकडा आहे. लेव्हिन यांच्या पद्धतीवरची एक नीट चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, आघातानंतरच्या ताणावर चांगला परिणाम दिसला, पण माणसं होती ६३. बर्फाच्या पाण्यात तोंड घालून ‘वेगस नर्व्ह रीसेट’ करणाऱ्या व्हिडिओंच्या नादी तर लागूच नका. ती मेंदूतून निघणारी दहावी नस आहे, राउटर नाही.

साहेबांचं काय? थेरपीने साहेबांची स्मरणशक्ती सुधारणार नाही. पुढच्या वेळी हसू नका. नुसतं तुमचं नाव सांगा, एकदाच, आणि कामाचं बोला. घरी दोन-चार वेळा मोठ्याने म्हणून बघा, जबडा सैल ठेवून. आणि सासूबाईंना आईचा रोजचा फोन करू द्या. दोघी विहिणी औषधांच्या वेळांवर तुमच्यापेक्षा जास्त गप्पा मारतील.

प्रश्न : मी ३१ वर्षांची, टेक्सासमध्ये एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधारावर आहे, नोकरीची परवानगी नाही. विमा नवऱ्याच्या नावावर. दिवसभर घरात अंग जड होऊन पडून राहते, कधी वाटतं सकाळ होऊच नये. मलाही अशी थेरपी घ्यायचीय, पण कुणी हात लावलेला मला चालत नाही. आणि बिल नवऱ्याच्या हातात पडेल का?
– नाव नको

उत्तर : ‘सकाळ होऊच नये’ हे वाक्य मी ओलांडून जाणार नाही. जीव द्यावा असं मनात येत असेल तर ९८८ या मदतवाहिनीला फोन किंवा मेसेज कर. अमेरिकेत कुठूनही, चोवीस तास. व्हिसाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हात लावण्याचं म्हणशील तर बऱ्याच थेरपिस्ट मुळीच लावत नाहीत, व्हिडिओवर तर प्रश्नच नाही. ज्या लावतात त्यांनी प्रत्येक वेळी आधी विचारलं पाहिजे, आणि तू मध्येच नको म्हटलंस तरी थांबलं पाहिजे. पहिल्या फोनवरच ‘मला स्पर्श नको’ सांगून टाक. पलीकडून समजावणी सुरू झाली तर तो फोन ठेव.

बिलाचं खरं आहे. विमा वापरलास की कशासाठी किती गेले याचा कागद बहुधा पॉलिसी ज्याच्या नावावर असते त्याच्याकडे जातो. कार्डाच्या मागचा नंबर फिरव आणि म्हण, ‘कॉन्फिडेन्शियल कम्युनिकेशन’ हवंय, माझे कागद वेगळ्या पत्त्यावर पाठवा. नवऱ्याला कळल्याने तुला धोका असेल तर तसं स्पष्ट सांग, मग विमा कंपनीला वाजवी विनंती मानावी लागते. विमा नकोच असेल तर ‘स्लायडिंग स्केल’ विचार, म्हणजे मिळकतीप्रमाणे फी. थेरपिस्टला टेक्सासमध्ये थेरपी देण्याची परवानगी हवी, ती कुठे बसते यापेक्षा तू कुठे बसतेस ते महत्त्वाचं.

नवऱ्यापासून हे का लपवावं लागतंय, ते तू लिहिलं नाहीस. पुढच्या पत्रात लिहावंसं वाटलं तर लिही. ते इथे छापणार नाही.