ई-सायकलला शॉकअपचा चिमटा बसवायचाय, हप्त्यावर घेऊ की भिशी येईपर्यंत थांबू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले एक वाचक, वय २८, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर, पगार हातात १८,२०० येतो. जुन्या २६ इंची सायकलला मागच्या चाकात हब मोटरचं किट बसवलंय, ३६ व्होल्ट, ३५० वॅट, आणि रोज जाऊन-येऊन १८ किलोमीटर मारतात. उजळाईवाडीच्या पुढं रस्ता असा काही लागतो की कंपनीत पोचेपर्यंत मनगटं बधिर होतात, म्हणून पुढं शॉकअपचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि खड्ड्यात दबणारा फोर्क, टाकायचाय. समोर तीन पर्याय आहेत. लोकल दुकानातला बिनब्रँडचा स्प्रिंगवाला २,३०० ला, सनटूर एक्ससीटी ऑनलाइन ५,९०० ला सहा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर, आणि सांगलीच्या मित्राकडचा वापरलेला एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर दबणारा) ७,५०० ला. बचत खात्यात ११,००० आहेत, मोबाइलचा १,४५० चा हप्ता अजून चार महिने चालणार आणि दिवाळीत १२,००० च्या भिशीचा नंबर लागणार. त्यांचं म्हणणं, "सर, महिन्याला पेट्रोलचे ९०० वाचतात, मग सात महिन्यांत फोर्क फुकटच पडला की."

फुकट नाही हो पडत, आणि सगळी गोम त्या ९०० मध्येच आहे.

वाचलेला आकडा मात्र तुम्ही बरोबर काढलाय. महिन्याला साधारण ४७० किलोमीटर, पन्नासच्या मायलेजची बाइक धरली तर साडेनऊ लिटर पेट्रोल, आणि लिटर शंभराच्या वर आहे, म्हणजे हजाराच्या आत-बाहेर. सायकलला चार्जिंगचं नुकसान धरूनसुद्धा महिन्याला सहा-सात युनिट लागतील, साठ-सत्तर रुपये फार तर. वाचतात ९०० हे खरं, पण ते पैसे मोकळे नाहीत, त्यांच्यावर आधीच एकाचं नाव लिहिलंय आणि तो म्हणजे बॅटरी. तुमचा पॅक ९,५०० चा, रोज एकदा चार्ज करताय म्हणजे वर्षाला तीनशेच्या आसपास चार्ज झाले, दुकानदारानंच दोन-अडीच वर्षं सांगितलीत. २८ महिने धरले तरी महिन्याला ३४० रुपये बॅटरीचे झाले, ते आजपासून बाजूला पडले नाहीत तर त्या दिवशी परत कुणाच्या तरी कार्डावर हप्ता करावा लागणार. चेन, ब्रेकची रबरं, टायर-ट्यूब ह्याला १५० धरा. उरले ४००. तुमच्या गाडीचं चिमट्याचं बजेट हे आहे, महिना ४००, वर्षाला ४,८००, ९०० नव्हे.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही, पण मला ३५० वॅट वाचल्यावर पहिली तीच दिसली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये बॅटरीच्या गाडीला जी सूट आहे ती मोटरची ताकद २५० वॅटच्या खाली, स्पीड ताशी २५ च्या खाली आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तरच. तेवढ्यात बसली तर ती मोटार वाहन नाही, लायसन्स नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. त्याच्या बाहेर गेली की ती कायद्यानं मोटार वाहन, मग नंबर प्लेट आणि थर्ड पार्टी इन्शुरन्स दोन्ही लागतं, आणि घरी किट बसवलेल्या सायकलला ते दोन्ही कुठनं आणणार? तुम्हीच लिहिलंय की सपाटीला ३२ जाते. समजा उद्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला धक्का लागला आणि त्याचा पाय मोडला, तर दवाखान्याचा खर्च आणि भरपाई सरळ तुमच्या खिशातनं, मध्ये कुठलीच कंपनी उभी नाही. ११,००० च्या बचतीवर एवढा मोठा धोका अंगावर घेऊन आपण मनगटाच्या आरामाची चर्चा करतोय राव. किटवाल्याला विचारा, २५० च्या आतली मोटर आणि २५ च्या आत बंद होणारा कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा) बदलून देतो का आणि वर किती घेतो. सगळ्यात आधी खर्च करायचाच झाला तर ह्याच्यावर करा. नुसता डिस्प्लेवर स्पीड कमी करून भागत नाही, मोटरवर ३५० छापलेलं आहे ते आहेच.

स्पीडचा आणि चिमट्याचा संबंधही आहे बरं का. ३२ नी जाणाऱ्या गाडीत २५ पेक्षा दीडपटीहून जास्त जोर असतो, कारण जोर स्पीडच्या वर्गानं वाढतो, आणि त्यातला बराचसा ब्रेक मारताना पुढच्या चिमट्यावर येतो. त्यात किट आणि बॅटरीमुळं गाडी आधीच जड. २५ वर आलात की खड्ड्याचा दणकासुद्धा कमी वाटेल, त्याला एक रुपया लागत नाही.

तुम्हाला स्वतःला लागलं तर ईएसआयसी (कामगार राज्य विमा) आहे, पगार २१,००० च्या आत असल्यानं कापलं जातच असेल, स्लिप बघा. २०१० च्या दुरुस्तीनंतर कामावर जाता-येताना झालेला अपघातही त्यात धरतात. शिवाय बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा बीमा चालू आहे का तेवढं बघा, वर्षाला २० रुपये जातात आणि अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. मेच्या शेवटी खात्यात २० रुपये ठेवायला विसरतात लोक आणि पॉलिसी बंद पडते.

आता चिमटा. तुम्ही सीएनसीवर आहात, वर्निअर (मिलिमीटरचं बारीक माप घ्यायचं साधन) हातात असतोच, मग दुकानदाराच्या तोंडावर कशाला विश्वास ठेवताय. सुट्टीच्या दिवशी पुढचं चाक काढा, चिमटा उतरवा आणि फ्रेममधून वर जाणाऱ्या नळीचं बाहेरचं माप घ्या. २८.६ मिलिमीटर आलं तर ठीक, सरळ नळीचे बहुतेक शॉकअप ह्याच मापात मिळतात. २५.४ आलं तर ती जुनी एक इंची आटेवाली नळी, तिथं २८.६ चा चिमटा जाणारच नाही, आणि उद्यमनगरात लेथवर नळी सोलून बसवतो म्हणणारा कुणीतरी भेटेलही, त्याला लांबून नमस्कार करा, ती नळी तुटली की माणूस तोंडावरच पडतो. दुसरं माप, चाकाच्या एक्सलपासून चिमट्याच्या खांद्यापर्यंत. साध्या चिमट्याचं ते साधारण ३९०-४०० असतं आणि १०० मिमी ट्रॅव्हलच्या (म्हणजे तेवढा दबणाऱ्या) शॉकअपचं ४७० च्या आसपास जातं, म्हणजे पुढची बाजू सात सेंटिमीटर वर उचलली जाते. २० मिलिमीटरला हँडलचा कोन अंदाजे एक डिग्री पडतो, तीन-साडेतीन डिग्रीनं गाडी वळवायला आळशी होते आणि फ्रेमच्या पुढच्या जोडावर लांब दांड्याचा ताण येतो. तुमची फ्रेम शॉकअपसाठी बनलेलीच नाही, म्हणून ट्रॅव्हल ८० च्या वर नकोच, ६३ मिळाला तर आणखी बरा.

ह्या दोन मापांत सांगलीचा एअर फोर्क बहुतेक जागेवरच बाद होईल. अलीकडच्या चांगल्या फोर्कची नळी खाली जाड आणि वर बारीक असते, ती तुमच्या फ्रेमच्या हेडमध्ये बसत नाही, आणि वापरलेला असेल तर पहिल्या मालकानं नळी त्याच्या फ्रेमच्या मापानं कापलेली असते, कमी पडली तर वाढवता येत नाही. त्यात २७.५ किंवा २९ चा असेल तर पुढचं बोलायलाच नको. मित्र दोस्तीत देतोय हे चांगलं आहे, पण दोस्तीत सील किट येत नाही, हवा भरायला वेगळा शॉक पंप लागतो, आणि चकचकीत पायांवरून नख फिरवल्यावर कुठं अडकलं तर त्या ओरखड्यातून हवा-तेल गळणार हे धरून चाला. ७,५०० कुठल्याही हिशोबात बसत नाहीत.

२,३०० चा घ्यावा असं पगार बघून वाटतं खरं. पण असल्या चिमट्यात नुसती स्प्रिंग असते, परत येताना तिला आवर घालणारं काही नसतं, खड्ड्यात दबतो आणि उंच उड्या मारत येतो. बुश ढिले झाले की ब्रेक दाबल्यावर पुढचं चाक मागं-पुढं हलतं, आणि आपल्याकडचा जून ते सप्टेंबर त्याच्या अंगावर काढला की आत पाणी जाऊन स्प्रिंगला गंज. बसवणं आणि हेडसेट (नळीचे बेअरिंग) धरून २,७०० होतील, दीड वर्षात टाकून द्यावा लागला तर महिना १५० पडला. आकड्यानं स्वस्त आहे, पण ३० किलोच्या गाडीला रोज हायवेच्या कडेनं हा लावायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

राहिला सनटूर. माल एन्ट्री लेव्हलचा पण सरळ, स्प्रिंगचा आहे, सुटे भाग मिळतात, काम येईल. किंमत मात्र ५,९०० नाही. नो कॉस्ट म्हणजे दुकानदार व्याजाएवढी सूट देतो, पण बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याकडूनच घेते आणि वर प्रोसेसिंग फी. १५ टक्के दरानं सहा महिन्यांचं व्याज २६० च्या आसपास, त्यावर जीएसटी ४७, फी १९९ अधिक जीएसटी, झाले २८० रुपये जादा. रोख घेतला तर तीच सूट दुकानदार देतो का हे आधी विचारून बघा. आणि खरी कुऱ्हाड पुढंच आहे. ह्याची काही मॉडेलं फक्त डिस्क ब्रेकची असतात, व्ही-ब्रेकच्या (रिमवर रबर दाबणाऱ्या ब्रेकच्या) खुंट्याच नसतात, तुमच्या सायकलला तर व्ही-ब्रेक आहेत. तसलं मॉडेल आलं की पुढचं चाक डिस्क हबचं घ्या १,८००, डिस्क-कॅलिपर ९०० (हे दर तुम्हीच पाठवलेत), बसवायचे ४००, मिळून ९,३०० च्या घरात. ५,९०० बघून निघालेला माणूस तिथं पोचतो, वाटेत कुठंही त्याला "आता थांब" म्हणणारं कुणी भेटत नाही. त्यामुळं लिस्टिंगचा फोटो झूम करा, पायांवर खुंट्या दिसत असतील तरच तो तुमचा, मग ६,३०० त आटपतं.

कधी घ्यायचा? आत्ता नाही. खात्यात ११,००० आहेत म्हणजे घरातल्या एका महिन्याचा खर्चसुद्धा नाही, त्याला हात लावायचा नाही, आणि मोबाइलच्या हप्त्यावर दुसरा हप्ता चढवायचा नाही. आधी टायर बदला. तुम्ही लिहिलंय हवा "दगडासारखी" भरता, ६० पीएसआयला १.९५ चं टायर म्हटल्यावर मनगटं बधिर होणारच. फ्रेममध्ये जागा असेल तर २.१ चं रुंद टायर, पुढं ३५ आणि मागं ४० पीएसआय, दोन्ही मिळून हजार-अकराशेत होतं. मागं वजन आणि मोटर आहे म्हणून मागं जरा जास्त, नाहीतर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपून सर्पदंशासारखी दोन भोकं पडतात. हँडलच्या जाड ग्रिप दीडशेच्या आत येतात, त्याही घ्या. हे करून दिवाळीपर्यंत चालवा. पावसाळाही निघून जाईल, नव्या शॉकअपला पहिल्याच महिन्यात चिखल नको.

त्यानंतरही मनगटं दुखत असतील तर भिशीतून घ्या, रोख, खुंट्यावाला, ८० मिमीच्या आतला. १२,००० तले ६,३०० गेले, उरलेले ५,७०० बॅटरीच्या आरडीत टाका आणि तिथून पुढं महिना ३४० चालू ठेवा. मोटर बदलायची ठरली तर मात्र भिशीतला पहिला पैसा तिला, चिमटा पुढच्या वर्षी. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की रस्त्याची काय कळा होते ते तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा चिमट्याची खरी गरज आहे का तेही कळेल.

आणि हो, शिफ्टमधल्या दोस्तानं मोटर पुढच्या चाकात बसवलीय, त्याला शॉकअप चालेल का विचारलंत. नाही. शॉकअपच्या खालच्या टोकाला एक्सल बसतो ती खाच बहुतेकदा मॅग्नेशियमची ओतीव असते, मोटरच्या पिळानं ती चिरू शकते आणि चाक निसटतं. त्याला साधा लोखंडी चिमटा आणि टॉर्क आर्म (एक्सल फिरू न देणारी पट्टी) लावायला सांगा. तुमचा जुना चिमटाही भंगारात देऊ नका, किलोवर काय चाळीस-पन्नास रुपये येतील, उद्या नव्याचं सील गेलं आणि चार दिवस गाडी उभी राहिली तर कामावर जायला तोच लावावा लागेल.